लूसीचा नवरा

१९८६ च्या हिवाळ्यात लग्न होऊन मी अमेरिकेत आले. हे सकाळी कामावर गेले की घरात मी आणि टीव्ही, दोघंच. आपल्यापैकी अनेकींनी हे दिवस काढले असतील. दुपारी एका चॅनेलवर 'आय लव्ह लूसी' या मालिकेचे जुने, कृष्णधवल भाग लागायचे. इंग्रजीची कानाला सवय व्हावी म्हणून बघू लागले आणि लूसी-रिकी या जोडीच्या प्रेमातच पडले. या जोडीमागे केवढा इतिहास आहे, ते पुष्कळ नंतर वाचनात आलं.

लूसी म्हणजे लूसिल बॉल, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउनची. रिकी म्हणजे तिचा खराखुरा नवरा डेसी अर्नाझ. डेसीचे वडील क्यूबातल्या सांतियागो शहराचे महापौर होते. १९३३ च्या क्रांतीत या कुटुंबाचं सगळं गेलं आणि तरुण डेसी मायामीला आला. सुरुवातीला त्याने पक्ष्यांचे पिंजरेसुद्धा साफ केले. पुढे गाण्या-वाजवण्यात नाव कमावलं. १९४० मध्ये एका चित्रपटाच्या निमित्ताने लूसिलशी भेट झाली आणि त्याच वर्षी लग्नही.

रेडिओवर लूसिलची एक विनोदी मालिका गाजली होती. सीबीएसला ती टीव्हीवर आणायची होती. लूसिलने अट घातली, नवऱ्याचं काम माझा नवराच करेल. साहेब लोक कचरले. अमेरिकन बाईचा नवरा क्यूबन, त्यात त्याचे उच्चार असे. लोकांना हे पटायचं कसं? तेव्हा १९५० मध्ये दोघांनी आपला कार्यक्रम घेऊन गावोगावचे रंगमंच गाठले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि १५ ऑक्टोबर १९५१ रोजी मालिका सुरू झाली. १९ जानेवारी १९५३ च्या भागात लूसीला मुलगा झाला, आणि त्याच दिवशी लूसिललाही! तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीचा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी पाहणारे त्याहून बरेच कमी होते.

लोकांना या दोघांत एवढं काय दिसलं? दोघं काही चित्रातले प्रेमिक नव्हते. लूसी दर आठवड्याला नवा घोळ घालायची, रिकी चिडला की स्पॅनिशमध्ये सुटायचा. त्याचं भाषांतर कोणी देत नसे, तरी सगळ्यांना कळायचं. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. चित्रीकरण प्रेक्षकांसमोर होत असल्याने हशा कुठे येतो, कुठे येत नाही, हे लेखकांना लगेच कळायचं. रिकीच्या उच्चारांची नक्कल लूसीने केली की लोक पोट धरून हसत; दुसऱ्या पात्राने केली की गप्प होत. शेवटी ती मुभा फक्त लूसीला राहिली. चेष्टेचा हक्क तिने प्रेमाने मिळवला आहे, हे न सांगता प्रेक्षकांना उमगलं होतं. जोडी खरी वाटते ती अशाने.

आमचंही काही वेगळं नव्हतं. यांच्या तोंडी 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' एकच. घरी मी त्यावरून यांना पुष्कळ छळलं. पण एकदा एका दुकानात गल्ल्यावरच्या माणसाने यांचं बोलणं वेडावून दाखवलं आणि माझं डोकंच फिरलं. इंग्रजी सुचेना, म्हणून मराठीतच सुनावलं! गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "आज तू रिकी झालीस."

खऱ्या आयुष्यात लूसिल आणि डेसीचं लग्न टिकलं नाही. मालिका १९५७ मध्ये संपली आणि १९६० मध्ये घटस्फोट झाला. हे वाचलं तेव्हा जवळच्या कोणाचा संसार मोडावा तसं वाटलं. पण पडद्यावरचं ते घर अजून तसंच आहे. रात्री दिवे मालवायच्या आत भांडण मिटतंच.

दोन वर्षांपूर्वी लेकीने सांगितलं, तिला ज्याच्याशी लग्न करायचं आहे तो मेक्सिकोहून आलेल्या घरातला आहे. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो 'आपले लोक काय म्हणतील?' रात्री झोप येईना. मग लक्षात आलं, सीबीएसच्या साहेबांनीही हाच प्रश्न विचारला होता. आणि लोकांना विचारण्याआधीच त्याचं उत्तर ठरवून टाकलं होतं.

आता जावईबापू आमच्याकडे जेवायला येतात. 'पुरणपोळी' म्हणताना दर वेळी अडखळतात. लेक लगेच नक्कल करते आणि तेच सगळ्यांत मोठ्याने हसतात. आम्ही दोघं मात्र हसू दाबून पोळीवर तूप वाढत राहतो. तो हक्क अजून आमचा नाही.