चार हजार निबंध आणि एक लाल पेन

'मेरिट की संधी' हा वाद आपल्याकडे दर जूनमध्ये नव्याने पेटतो. यावेळी जरा लांबचा इतिहास सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये टेकडीवर सिटी कॉलेज आहे. १८४७ साली 'फ्री अकॅडमी' म्हणून सुरू झालेलं. फी नाही, प्रवेश मार्कांवर. याला 'गरिबांचं हार्वर्ड' म्हणायचे. (बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथून हे कॉलेज पायी अर्ध्या तासावर आहे.) युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची कित्येक पोरं इथून शिकून वर आली.

पण १९६० च्या दशकात चित्र वेगळं झालं होतं. कॉलेजच्या भोवती काळ्या आणि प्यूर्टो रिकन लोकांची वस्ती, आणि वर्गात मात्र बहुतेक गोरी मुलं. 'सीक' नावाची एक योजना होती. तिच्यातून थोड्या गरीब मुलांना प्रवेश, जास्तीची शिकवणी आणि खर्चाला पैसे मिळायचे. या योजनेत इंग्रजी शिकवायला कोण होतं बघा: ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन, टोनी केड बंबारा, एड्रिअन रिच. पुढे अमेरिकन साहित्यात मोठी झालेली ही माणसं तेव्हा पहिल्या वर्षाच्या पोरांचे निबंध तपासत होती.

एप्रिल १९६९ मध्ये दोनशेच्या वर काळ्या आणि प्यूर्टो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजचा दक्षिण भाग ताब्यात घेतला आणि त्याला नाव दिलं 'हार्लेम विद्यापीठ'. मागणी सरळ होती: शहराच्या शाळांत आमची जेवढी मुलं आहेत, त्या प्रमाणात इथे दिसू देत. ताबा दोन आठवडे चालला. शेवटी शहराच्या उच्च शिक्षण मंडळाने ठरवलं की १९७० पासून बारावी झालेल्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा मिळेल. ही योजना मुळात १९७५ साठी होती, ती पाच वर्षं अलीकडे आणली. पहिल्या वर्षाला आधी सुमारे २० हजार मुलं असायची, ती एकदम ३५ हजारांवर गेली. गंमत म्हणजे या दाराने आत आलेल्यांत इटालियन आणि आयरिश कामगारांची गोरी पोरंही भरपूर होती. लढले एक, आणि फायदा झाला सगळ्यांचा. हे मात्र कोणी फारसं सांगत नाही.

दार उघडलं, पुढे काय? आत आलेल्या अनेकांनी शाळेत धड एक पानही लिहिलेलं नव्हतं. प्राध्यापकांपैकी काहींनी कपाळाला हात लावला: दर्जा गेला, संपलं सगळं.

मीना शॉनेसी तेव्हा सिटी कॉलेजात लिखाण शिकवत होत्या. पहिल्यांदा हे पेपर हातात आले तेव्हा त्यासुद्धा हबकल्या, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. १९७० ते १९७४ या काळातले सुमारे ४००० निबंध त्यांनी वाचले, आणि चुका मोजण्यापेक्षा चूक का होते ते शोधलं. त्यावरचं 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक १९७७ साली आलं. सार असं, की चुकांना तर्क असतो. इंग्रजीत नामाला 'एस' लागला की अनेकवचन होतं, क्रियापदाला लागला की एकवचन. हा घोळ डोक्यात असलेला मुलगा 'एस' कुठे लावतो आणि कुठे गाळतो, त्यामागे त्याचा एक हिशोब असतो. हिशोब चुकलेला असेल, पण तो आळस नाही आणि मठ्ठपणा तर नाहीच. शिवाय चुकू म्हणून घाबरलेलं पोर कमी लिहितं, सोपेच शब्द वापरतं, आणि मग आपण म्हणतो याच्याकडे विचारच नाहीत!

आपल्याकडचं उदाहरण घ्या. घरात 'पानी' म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसलात, की ते पुढे 'मन'चंही 'मण' करून ठेवतं. त्याने नियम पाळलाच की, जरा जास्तच पाळला.

दुसरा धागा ब्रुकलिन कॉलेजातला. केनेथ ब्रफी यांच्या लक्षात आलं की तज्ज्ञ शिक्षकांची मदत ठेवली तरी मुलं फिरकत नाहीत. ज्या वर्गात पोळलो त्याचंच ते आणखी एक रूप, कोण जाईल? मग त्यांनी विद्यार्थ्यांनाच तयार केलं. हा ट्यूटर त्याच कॉलेजचा, साधारण त्याच वयाचा. तो मार्क देत नाही. शेजारी बसून विचारतो, तुला इथे काय म्हणायचंय? मुलं यायला लागली. अमेरिकेत लेखन केंद्रं त्याआधीही होती, पण विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवायची पद्धत तिथे रुजली त्यात ब्रफींचा वाटा फार मोठा.

१९७४ साली कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ठराव केला की विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या भाषेचा, बोलीचा हक्क आहे. ठराव सुंदर, पण नोकरीच्या अर्जाचं काय? इथून जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. लेखन केंद्रांत एक शिस्त आली: ट्यूटरने पेन हातात धरायचं नाही, दुरुस्त करून द्यायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. लिखाण विद्यार्थ्याचं, मालकी त्याची. ऐकायला छान. पण १९८८ साली लिसा डेल्पिट या काळ्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गशिक्षणाबद्दल जे मांडलं ते इथेही लागू पडतं: ज्यांच्या घरात हे नियम बोलता बोलता मिळतात, त्यांना नुसते प्रश्न पुरतात. ज्यांच्या घरात ते नाहीत, त्यांना कोणीतरी स्पष्ट सांगावं लागतं. न सांगणं म्हणजे सौजन्याने दार लावून घेणं. १९९९ मध्ये नॅन्सी ग्रिम यांनी तर लेखन केंद्रांच्या सद्हेतूंवरच पुस्तकभर प्रश्न उभे केले. दुसऱ्या बाजूने, शांघायमध्ये वाढलेल्या मिन-झान लू यांनी शॉनेसींनाही सोडलं नाही. त्यांचं म्हणणं, भाषा बदलली की माणसाचा विचारही हलतो, नुसतं व्याकरण दुरुस्त होत नाही.

मला स्वतःला डेल्पिटबाईंचं पटतं. नियम उघड सांगा, आणि तो कोणाच्या बोलीवरून आला तेही सांगा. दुसरा भाग बहुतेक मास्तर विसरतात.

आता पैशाची गोष्ट. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं. १९७६ च्या उन्हाळ्यात सिटी युनिव्हर्सिटी दोन आठवडे बंद पडली, आणि त्याच वर्षी फी लागू झाली. १२९ वर्षांचं मोफत शिक्षण संपलं, ते नेमकं काळी आणि प्यूर्टो रिकन पोरं मोठ्या संख्येने आत आल्यावर सहा वर्षांत. हजारो शिक्षकांना घरी पाठवलं. नव्याने लागलेले आधी गेले, आणि लिखाण शिकवायला घेतलेले बरेचसे नवेच होते. शॉनेसींचं पुस्तक बाजारात आलं तेव्हा त्यांनी उभा केलेला विभाग खिळखिळा झाला होता. १९७८ मध्ये त्या कॅन्सरने गेल्या, वय ५४.

१९९० चं दशक संपता संपता विश्वस्तांनी ठरवलं की चार वर्षांच्या कॉलेजांत पायाभूत वर्ग नकोत. इंग्रजी किंवा गणिताच्या परीक्षेत जो अडेल, त्याने आधी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जावं. लेखन केंद्रं मात्र तशीच चालू राहिली, ज्यांना प्रवेश मिळाला त्यांच्यासाठी.