झोल्व्हेराइन कोळसा खाण : उत्खनन, खाणबंदी आणि पुनर्विकास – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीचा इतिहास कोळशाशिवाय सांगता येत नाही. खाणी कोठे सुरू झाल्या, त्यांतून किती कोळसा निघाला, त्यावर कोणते उद्योग उभे राहिले, याची चर्चा इतिहासग्रंथांतून विपुल प्रमाणात आढळते. परंतु खाण बंद झाल्यानंतर तेथील जमिनीचे, इमारतींचे आणि माणसांचे काय झाले, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः खाण सुरू होणे ही जशी ऐतिहासिक घटना आहे, तशीच ती बंद होणे हीदेखील एक ऐतिहासिक घटना आहे आणि तिचे परिणाम अनेक पिढ्यांपर्यंत पोहोचतात.

प्रस्तुत निबंधात जर्मनीच्या ऱ्हूर प्रदेशातील एसेन शहराच्या उत्तर भागात असलेल्या झोल्व्हेराइन या कोळसा खाणीचा विचार केला आहे. ही खाण १९८६ मध्ये बंद पडली आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. अवघ्या पंधरा वर्षांत झालेले हे स्थित्यंतर यशस्वी पुनर्विकासाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितले जाते. ते यश खरे आहे. मात्र ते नेमके कशाचे यश आहे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे तपासणे हा या निबंधाचा उद्देश आहे.

खाणीची स्थापना आणि विस्तार

जर्मनीच्या एकीकरणाच्या इतिहासात १८३४ मध्ये अस्तित्वात आलेल्या 'झोल्व्हेराइन' या जकात संघाला महत्त्वाचे स्थान आहे. या संघामुळे जर्मन राज्यांमधील व्यापार खुला झाला आणि त्याचा लाभ उद्योजकांना मिळाला. फ्रान्झ हानिएल हे अशा उद्योजकांपैकी एक होते. त्यांनी एसेनच्या उत्तरेस नवी खाण खोदण्यास आरंभ केला, तेव्हा तिला या संघाचेच नाव दिले. पहिला शाफ्ट, म्हणजे जमिनीखालच्या कोळशाच्या थरापर्यंत जाणारा उभा बोगदा, खोदण्याचे काम १८४७ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी कोलोन-मिंडेन रेल्वेमार्ग पूर्ण झाला. तो खाणीजवळूनच जात असल्याने कोळशाच्या वाहतुकीची सोय झाली. हानिएल यांना लोखंडाच्या कारखान्यांसाठी कोक हवा होता आणि येथील कोळसा त्यासाठी योग्य होता. १८५१ पासून नियमित उत्पादन सुरू झाले.

पुढील सात-आठ दशकांत शाफ्टची संख्या वाढत गेली. शेती आणि कुरणांच्या या प्रदेशात काटर्नबर्ग, शोनेबेक, स्टोपेनबर्ग या भागांतून कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. स्थानिक मनुष्यबळ अपुरे पडल्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलिश भाषक आणि मासुरिया भागातील हजारो कुटुंबे ऱ्हूरमध्ये आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या प्रदेशातील खाणींत युद्धकैद्यांना आणि परदेशांतून आणलेल्या लोकांना सक्तीने राबविण्यात आले. युद्धोत्तर काळात १९५५ च्या इटलीबरोबरच्या आणि १९६१ च्या तुर्कस्तानबरोबरच्या करारांनंतर तेथील कामगार ऱ्हूरमध्ये आले. तात्पर्य, खाणीचा इतिहास हा स्थलांतराचाही इतिहास आहे.

बारावा शाफ्ट

१९२६ मध्ये पोलाद आणि कोळसा उद्योगांतील बड्या कंपन्यांच्या एकत्रीकरणातून एक मोठा उद्योगसमूह निर्माण झाला आणि झोल्व्हेराइन खाण त्याच्या ताब्यात गेली. उत्पादनाचे सुसूत्रीकरण हे या समूहाचे धोरण होते. त्यानुसार १९२८ ते १९३२ या काळात बारावा शाफ्ट आणि त्याभोवतीचे संकुल बांधण्यात आले. फ्रित्झ शुप आणि मार्टिन क्रेमर हे त्याचे वास्तुविशारद होते. पोलादी सांगाडा, त्यात भरलेल्या विटा, साध्या चौकोनी इमारतींची प्रमाणबद्ध रचना आणि मध्यभागी सुमारे ५५ मीटर उंचीचा पोलादी मनोरा असे या संकुलाचे स्वरूप आहे. अलंकरण टाळून उपयोगितेतूनच सौंदर्य साधण्याचा जो विचार त्या काळी युरोपीय वास्तुकलेत प्रभावी होता, त्याचे हे ठळक उदाहरण मानले जाते. 'जगातील सर्वांत सुंदर कोळसा खाण' असे तिचे वर्णन पुढे रूढ झाले.

या शाफ्टची क्षमता दररोज १२,००० टनांची होती. आधी चार ठिकाणांहून वर येणारा कोळसा आता एकाच ठिकाणी वर आणला जाऊ लागला. येथे एक बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. हा शाफ्ट केवळ कोळसा वर काढण्यासाठी होता. कामगार मात्र जुन्या शाफ्टमधूनच खाली उतरत आणि वर येत. म्हणजेच जी वास्तू पुढे खाणीचे प्रतीक बनली, ती प्रामुख्याने यंत्रांची वास्तू होती. खाण कामगाराचा रोजचा मार्ग तिच्यातून जात नव्हता. पुनर्विकासाचे मूल्यमापन करताना ही वस्तुस्थिती महत्त्वाची ठरते.

ऱ्हास आणि खाणबंदी

१९५७ ते १९६१ या काळात खाणीलगत कोक तयार करण्याचा मोठा प्रकल्प उभारला गेला. नंतरच्या विस्तारामुळे त्यातील भट्ट्यांची संख्या ३०४ झाली. परंतु याच सुमारास, म्हणजे १९५८ पासून, जर्मन कोळसा उद्योगावर संकट आले. खनिज तेल स्वस्त झाले होते आणि परदेशी कोळसाही कमी किमतीत मिळत होता. ऱ्हूरमधील कोळशाचे थर खोल असल्याने तेथील उत्पादनखर्च अधिक होता. १९६८ मध्ये या प्रदेशातील बहुतेक खाणी एका कंपनीच्या छत्राखाली आणण्यात आल्या आणि पुढे एकेक खाण बंद होत गेली. २३ डिसेंबर १९८६ रोजी झोल्व्हेराइनमधील उत्खनन थांबले. एसेन शहरातील ती शेवटची चालू खाण होती. कोक प्रकल्प ३० जून १९९३ रोजी बंद झाला.

पुनर्विकासाचे टप्पे

बंद खाणीच्या इमारती पाडून, यंत्रे भंगारात काढून जमीन मोकळी करणे हा तोपर्यंतचा प्रचलित मार्ग होता. झोल्व्हेराइनच्या बाबतीत तसे झाले नाही. नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया राज्य सरकारने बाराव्या शाफ्टचे संकुल विकत घेतले आणि त्यास संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत कार्ल गान्झर यांच्या नेतृत्वाखाली एमशर नदीच्या खोऱ्यातील १७ नगरांसाठी 'एमशर पार्क आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शन' हा उपक्रम राबविण्यात आला. झोल्व्हेराइनच्या पुनर्विकासाला त्यातून दिशा मिळाली. वास्तू नुसती कुलूपबंद न ठेवता तिला नवे काम देऊन जतन करावी, हे त्यामागील सूत्र होते.

या सूत्रानुसार बॉयलर असलेल्या इमारतीचे रूपांतर ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या आराखड्याप्रमाणे १९९७ मध्ये डिझाइन केंद्रात झाले. जुने बॉयलर तसेच ठेवून त्यांच्या अवतीभवती प्रदर्शनाची मांडणी करण्यात आली. कोक प्रकल्प परदेशी विकण्याची योजना फसली, तो पाडण्याचाही विचार झाला. परंतु अखेर तोही जतन करण्यात आला. २००१ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाल्यानंतर डच वास्तुविशारद रेम कूल्हास यांच्या संस्थेने सुमारे १०० हेक्टर परिसराचा बृहद् आराखडा तयार केला. कोळसा धुण्याच्या अवाढव्य इमारतीचे नूतनीकरण होऊन २०१० मध्ये तेथे ऱ्हूर संग्रहालय सुरू झाले. त्याच वर्षी एसेन व ऱ्हूर प्रदेशाला 'युरोपची सांस्कृतिक राजधानी' होण्याचा मान मिळाला होता.

सर्वच प्रयोग यशस्वी झाले असे मात्र नाही. व्यवस्थापन आणि डिझाइन यांच्या उच्च शिक्षणासाठी २००६ मध्ये येथे जपानी वास्तुविशारदांनी एक आधुनिक इमारत बांधली. तिच्या भिंती उबदार ठेवण्यासाठी खाणीतून उपसलेल्या कोमट पाण्याचा उपयोग करण्याची कल्पक योजनाही केली गेली. परंतु ती शिक्षणसंस्था अल्पावधीतच बंद पडली. पुढे फोल्कवांग कला विद्यापीठाच्या उपयोगी ती इमारत आली आणि २०१७ मध्ये या विद्यापीठाचा डिझाइन विभाग शेजारच्या नव्या वास्तूत सुरू झाला.

दृश्य वारसा आणि अदृश्य वारसा

वरील विवेचनावरून पुनर्विकास म्हणजे इमारतींचे रूपांतर असा समज होण्याचा संभव आहे. तथापि खाणीचा एक वारसा जमिनीखालीही असतो. कोळसा काढून घेतल्यानंतर वरची जमीन खचत जाते. ऱ्हूर प्रदेशातील काही भाग या कारणाने वीस मीटरहून अधिक खचला आहे. जमीन सतत खचत असल्याने भूमिगत गटारे टिकत नसत. म्हणून १८९९ मध्ये स्थापन झालेल्या एमशर सहकारी संस्थेने एमशर नदीलाच काँक्रीटचे अस्तर लावून उघड्या सांडपाण्याच्या कालव्याचे रूप दिले. उत्खनन थांबल्यावरच तिचे पुनरुज्जीवन शक्य झाले. १९९२ मध्ये सुरू झालेले हे काम सुमारे तीस वर्षे चालले आणि २०२१ अखेर नदी सांडपाण्यापासून मुक्त झाली. त्यासाठी पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च आला.

खचलेल्या भागांत पाणी साचू नये, तसेच खाणीतील क्षारयुक्त पाणी पिण्याच्या पाण्याच्या स्तरापर्यंत चढू नये, यासाठी पंप कायमचे चालू ठेवावे लागतात. जर्मन भाषेत या कामांना 'शाश्वत काळाची कामे' अशा अर्थाची संज्ञा आहे आणि ती अलंकारिक नाही. या खर्चाची तरतूद करण्यासाठी २००७ मध्ये एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले. जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बॉट्रोप येथे बंद झाली. तिच्या प्रोस्पेर-हानिएल या नावात झोल्व्हेराइनच्या संस्थापकाचे आडनाव होते. ती बंद झाल्यानंतर, २०१९ पासून, हे प्रतिष्ठान पाणी उपशाचा भार वाहत आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या उत्खननाचे हे देणे कधीही पूर्ण फिटणारे नाही.

तिसरा वारसा माणसांचा आहे. खाणीतील रोजगार गेला, तो संग्रहालये आणि डिझाइन संस्था यांनी भरून काढला नाही. काढणे शक्यही नव्हते. नव्या नोकऱ्यांसाठी वेगळ्या शिक्षणाची आवश्यकता होती. जागतिक वारसा स्थळाला लागून असलेला काटर्नबर्ग भाग त्यानंतरही बेरोजगारीशी झुंजत राहिला. याची जाणीव ठेवून चौथ्या आणि अकराव्या शाफ्टच्या जुन्या इमारतींत लहान उद्योजकांसाठी केंद्र सुरू करण्यात आले. काही निवृत्त खाण कामगार पर्यटकांना खाणीची माहिती देऊ लागले. त्यांच्यामुळे यंत्रांच्या वास्तूत कामगारांचा आवाज आला, हे नमूद केले पाहिजे.

निष्कर्ष

१. झोल्व्हेराइन वाचली, याचे श्रेय केवळ तिच्या वास्तुसौंदर्याला नाही. खाण बंद होताच शासनाने ती ताब्यात घेतली, हा निर्णय वेळेवर झाला. तो काही वर्षे लांबला असता तर जतन करण्यासारखे फारसे उरले नसते.

२. नवा उपयोग देऊन वास्तू जतन करण्याचे सूत्र परिणामकारक ठरले. मात्र प्रत्येक नवा उपयोग टिकतोच असे नाही. वास्तू संस्थेपेक्षा अधिक काळ टिकते, हे गृहीत धरूनच नियोजन करावे लागते.

३. जतन प्रामुख्याने त्या भागाचे झाले, जो देखणा होता. कामगारांचा इतिहास वास्तूंपेक्षा स्मृतींतून अधिक जतन झाला असून, त्या स्मृती सांगणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. म्हणून मौखिक इतिहासाच्या संकलनाचे महत्त्व वास्तुजतनापेक्षा कमी मानता येत नाही.

४. खाणीच्या पुनर्विकासाचा हिशेब इमारती, जमीन व पाणी आणि माणसे अशा तिन्ही अंगांनी मांडावा लागतो. पहिल्या अंगाने झोल्व्हेराइन आदर्श ठरते. दुसऱ्या अंगाने ती दीर्घ जबाबदारीची जाणीव देते. तिसऱ्या अंगाने मात्र तिचे काम अपूर्ण आहे. कोळसा काढताना होणाऱ्या नफ्याचा हिशेब त्या त्या वर्षी पूर्ण होतो. त्याच्या खर्चाचा हिशेब खाण बंद झाल्यावर सुरू होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन्ही नोंदी एकाच वहीत लिहिणे आवश्यक आहे.