त्रैराशिकाची हद्द

मंडळी, आज थोडं गणित. घाबरू नका, उदाहरण एकच आहे.

एक भागिले क्ष ही संख्या २ पेक्षा लहान आहे, तर क्ष काय काय असू शकेल? इथे प्रताप नगरात अकरावीची मुलं अधूनमधून वही घेऊन माझ्याकडे येतात. त्यातली बहुतेक डोळे मिटून तिरकस गुणाकार करतात: १ < २क्ष, म्हणून क्ष अर्ध्यापेक्षा मोठा. झालं! आता क्षच्या जागी -१ घालून बघा. भागाकार -१ येतो, आणि तो २ पेक्षा लहानच की! म्हणजे सगळ्या ऋण संख्या उत्तरातून गळाल्या. ऋण संख्येने गुणलं की लहान-मोठ्याचं चिन्ह उलटतं, आणि क्ष धन की ऋण हे तर अजून ठरायचंच आहे.

पोरांना वेंधळी म्हणून मोकळं होता येतं. मला मात्र ही खोड जुन्या बाजारातून आलेली वाटते.

तिरकस गुणाकार हे त्रैराशिकाचंच भावंड. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये त्रैराशिकाची रीत दिली. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) केशराचं उदाहरण आहे: तीन सप्तमांश निष्कांना अडीच पळे केशर, तर नऊ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पळे. आता केशर काही उणे नसतं, आणि मोजलेले पैसेही नसतात. तिथे चिन्हाची काळजी करायचं कारणच नव्हतं.

ऋण संख्या आली ती कर्जाचं रूप घेऊन. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन-ऋणाचे नियम लिहिले, ऋणाला ऋणाने गुणलं तर धन, हेही त्यात आहे. पण नियम मानणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं. भास्कराचार्यांच्या बीजगणितात माकडांचं एक गंमतीदार उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतं. एकूण किती? समीकरणाची उत्तरं दोन, ५० आणि ५. पण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे जातील? वर्ग करताना उणे चिन्ह झाकलं गेलं, म्हणून ५ हेही उत्तर म्हणून पुढे आलं. लोकांना अशी ऋण राशी पटत नाही, असं सांगून आचार्यांनी ते सोडून दिलं. (याच आचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला होता. तिथला शिलालेख वाचण्यासारखा आहे.)

युरोपातही हेच. < आणि > ही चिन्हं हॅरियटच्या १६३१ च्या पुस्तकात आली, तो वारल्यानंतर दहा वर्षांनी. त्याच शतकात आर्नो नावाच्या फ्रेंच पंडिताने विचारलं: -१ ला १ शी जे प्रमाण, तेच १ ला -१ शी? मग लहानाचं मोठ्याशी आणि मोठ्याचं लहानाशी एकच नातं कसं? तिरकस गुणा, दोन्हीकडे १ येतो, हिशेब चोख! १७१२ मध्ये लाइब्निझनेही शंका रास्त मानली, फक्त आकडेमोड चालू ठेवावी म्हणाला.

एवढ्या मोठ्यांना अडलं, तिथे अकरावीच्या पोराला हा नियम कुठवर चालतो ते कुणी तरी सांगायला नको का?

मी सांगतो ते असं. छेद हलवू नका. सगळं एका बाजूला आणा: (१ - २क्ष) भागिले क्ष, हे शून्यापेक्षा लहान हवं. अंश पालटतो अर्ध्यावर, छेद शून्यावर. संख्यारेषेचे तीन तुकडे झाले. प्रत्येकातली एकेक संख्या घालून पाहा. क्ष शून्यापेक्षा लहान, किंवा अर्ध्यापेक्षा मोठा. खुद्द शून्य मात्र नाही. शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्य ‘खहर’ म्हणत, आणि तो विषय पुन्हा कधीतरी.