काचेमागची माणसं

माळवदाच्या घरात फोटो भिंतीला चिकटून बसत नाही. खालची कड दोन खिळ्यांवर टेकलेली, वरची दोरीनं पुढं झुकलेली आणि मागच्या पोकळीत चिमण्यांचं घरटं. फ्रेम आढ्याजवळ, उंच लावायची. खालून पाहणाऱ्याला चेहरा दिसावा म्हणून तो झुकाव. आत खुर्चीवर धोतर-टोपीतला माणूस, शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली बायको, मागं पडद्यावर रंगवलेला महाल. घड्याळ दिसावं म्हणून मनगट मुद्दाम मांडीवर पुढं घेतलेलं. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात जुन्या घरांत असे फोटो अजून दिसतात. मला ते मोलाचे वाटतात, कारण या भागात साध्या माणसाचा फोटो निघणं ही फार अवघड गोष्ट होती.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिथल्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी. औसा मात्र निजामाच्या मुलखात, आणि तिथं कॅमेरा आला तो दरबारात. मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ साली जन्मलेले, रुरकीला इंजिनिअरिंग शिकलेले लाला दीनदयाळ १८८५च्या सुमारास सहावे निजाम महबूब अली खान यांचे छायाचित्रकार झाले. पुढं निजामानं त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. पडदानशीन बायकांसाठी त्यांनी हैदराबादेत १८९२ साली जनाना स्टुडिओ काढला. तिथं फोटो काढायलाही बाईच होती. शिकारी, मेजवान्या, महाल यांच्या काचपट्ट्यांबरोबर दीनदयाळांच्या स्टुडिओनं दुष्काळी कामांचेही फोटो घेतले. आमच्याकडची गरीब माणसं कॅमेऱ्यासमोर आली ती अशी, सरकारी कामाची नोंद म्हणून. त्यांचे चेहरे उरले. नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

घरात याच्या नेमकं उलट घडत होतं. लग्नात आलेल्या हंड्यावर, घागरीवर, तांब्यावर भांडेवाला छिन्नीनं ठिपके मारून नाव घालायचा: देणाऱ्याचं, नवरीचं, गावाचं, कधी तिथीसह. ‘कै.’ आणि ‘स्मरणार्थ’ हे शब्द तर ठरलेलेच. आजीच्या आजीचा फोटो कुठल्याच घरात नसतो, पण तिचं नाव असलेली घागर माळ्यावर निघते. कल्हई उडालेली, बुडाला पोचा आलेला, आणि काठाखाली बोट फिरवलं की ठिपके अजून हाताला लागतात. अशी घागर मोडीत घालणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. वजनावर तिचे पैसे येतात, पण घरातल्या त्या बाईचा तेवढाच एक लेखी पुरावा असतो.

पुढं तालुक्याच्या गावी स्टुडिओ आले, अगफा क्लिकसारखे स्वस्त कॅमेरे आले. एका रोलमध्ये बारा फोटो. तरी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं ते लग्नाला, नोकरीच्या अर्जाला, फार तर जत्रेत. म्हातारीकोतारी माणसं राहूनच जायची.

ऑगस्ट १९९३ मध्ये, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, मतदारांना फोटो असलेलं ओळखपत्र देण्याचा आदेश निघाला. पुढच्या काही वर्षांत गावोगावी कॅमेरे आले आणि कितीतरी म्हाताऱ्यांचा आयुष्यातला पहिला फोटो निघाला. पण त्या आदेशाला जेमतेम महिना झाला होता, तेव्हा ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी याच तालुक्यातल्या किल्लारीची जमीन हादरली. गणपती विसर्जनाची रात्र होती ती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं गेली, त्यांच्यापर्यंत तो सरकारी कॅमेरा कधी पोचलाच नाही. वर पावसानं गाठलं. ओल्या मातीत फोटोचा कागद फुगतो, चेहऱ्याचा थर सुटून काचेला चिकटतो. पितळ चेपतं, त्यावरचं नाव मात्र वाचता येतं.

ज्यांचा फोटो निघाला, त्यांचा तो ओळखपत्रावरचा तिकिटाएवढा चौकोनच आज भिंतीवर आहे. माणूस गेला की पोरं कार्ड घेऊन स्टुडिओत जातात. फोटोवाला तो संगणकावर मोठा करतो, विस्कटलेले केस बसवतो, बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू आणि अंगावर काठाची साडी चढवतो, माणसाला फेटा बांधतो. मागं निळं आकाश नाहीतर तोच महाल. आईबाप दोघंही गेलेले असले तर दोन कार्डं देतात आणि सांगतात, एकाच फ्रेममध्ये घ्या. उभ्या जन्मात एकत्र फोटो न काढलेली ती दोघं मग खांद्याला खांदा लावून बसतात, आणि दोघांच्या उंचीचा मेळ कसा बसवायचा, हे पोरं शेजारी उभी राहून सांगत असतात.