न थांबणारें रक्त आणि आईबापांचा धीर

१९१२ सालच्या शरद ऋतूंतील गोष्ट. पोलंड त्या वेळीं रशियाच्या साम्राज्यांत मोडत असे, आणि तेथें स्पाला या ठिकाणीं रानांत झारचा शिकारीचा एक वाडा होता. खालच्या दालनांत पाहुण्यांच्या पंगती उठत होत्या आणि आंतल्या एका खोलींत आठ वर्षांचा राजपुत्र अलेक्सी वेदनांनीं तळमळत होता. कांहीं आठवड्यांपूर्वीं नावेंत उडी मारतांना त्याला मांडीजवळ मार लागला होता. तो बरा होतो न होतो तोंच गाडींतून फिरतांना बसलेल्या हिसक्यांनीं जांघेंत पुन्हां रक्तस्राव सुरू झाला. बाहेर एक थेंबहि दिसत नव्हता. रक्त आंतल्या आंत सांचत होतें. पाय दुमडून पोटाशीं आला, ताप चढला. राजधानींतून नामांकित डॉक्टर धांवून आले; परंतु वाट पाहण्यापलीकडे त्यांच्याहि हातीं फारसें कांहीं नव्हतें. प्रकृतीचीं पत्रकें निघूं लागलीं, आणि अंतकाळचा धर्मविधीहि उरकण्यांत आला.

त्या रात्रीं राणी अलेक्झांड्रानें दूर सैबेरियांत असलेल्या रास्पुतिन नांवाच्या एका साधूस तार करविली. मूल दगावणार नाहीं, डॉक्टरांनीं त्यास फार सतावूं नये, अशा आशयाचें उत्तर आलें. पुढच्या एकदोन दिवसांत रक्त थांबलें आणि मूल वांचलें. त्या दिवसापासून त्या साधूचा शब्द राजवाड्यांत वेदवाक्य ठरला. पुढें राज्याच्या विनाशास जीं अनेक कारणें झालीं, त्यांत या एका आजाऱ्याच्या बिछान्याचाहि वांटा होता, असें इतिहासकार मानतात.

राणीला भोळी म्हणून हंसणें सोपें आहे. पण ज्यांच्या घरांत दीर्घकाळचा रक्तविकार घेऊन एखादें मूल जन्मास आलें आहे, ते हंसणार नाहींत. हिमोफिलिया म्हणजे रक्त न गोठण्याचा रोग असलेल्या मुलाचे आईबाप आजहि शेजाऱ्याच्या, आप्ताच्या किंवा एखाद्या स्नेह्याच्या सांगण्यावरून विचार करूं लागतात, कीं इतकीं इंजेक्शनें देण्याऐवजीं एकदां होमिओपॅथी करून पाहावी काय? रास्पुतिन कांहीं होमिओपॅथ नव्हता, आणि होमिओपॅथीचे वैद्य कांहीं रास्पुतिन नव्हत. तरीहि प्रश्न एकाच घरांतून उठतो, आणि त्याचें उत्तर शोधतांना या दोन्ही इतिहासांकडे पाहणें उपयोगाचें आहे.

हा रोग फार पुराणा आहे. दोन भाऊ सुंतेच्या वेळीं रक्तस्रावानें दगावले असतील तर तिसऱ्याची सुंता करूं नये, असा निर्णय यहुदी धर्मशास्त्रकारांनीं सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं देऊन ठेविला आहे. १८०३ सालीं फिलाडेल्फिया येथील डॉक्टर जॉन कॉनरॅड ऑटो यानें अशा एका घराण्याची हकीकत छापली. रोग होतो तो पुत्रांना. परंतु तो पुढच्या पिढींत जातो तो निरोगी दिसणाऱ्या कन्यांच्या मार्फत, हें त्यानें स्पष्टपणें नोंदविलें. १८२८ सालीं हॉफ यानें आपल्या प्रबंधांत या रोगास आजचें नांव दिलें. नांव मिळालें, उपाय मात्र मिळाला नाहीं. त्या काळचें वैद्यक बहुतेक सर्व रोगांवर शीर तोडून रक्त काढी, जळवा लावी आणि जुलाब देई. ज्याचें रक्त थांबत नाहीं त्याच्या सुजलेल्या सांध्यावर जळवा लावण्याइतका उफराटा उपचारहि त्या काळांत होत असे.

नेमक्या याच काळांत सॅम्युएल हानेमान उदयास आला. १७५५ सालीं जर्मनींतील माइसेन येथें जन्मलेला हा डॉक्टर आपल्याच धंद्याच्या निर्दयपणास विटला होता. १७९२ सालीं ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा लिओपोल्ड वारला, तेव्हां त्याचें वारंवार रक्त काढणाऱ्या राजवैद्यांवर हानेमाननें वृत्तपत्रांतून उघड टीका केली. त्यापूर्वीं १७९० मध्यें त्यानें सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली होती, आणि हिंवतापासारखीं लक्षणें आपणांस झालीं असें त्याला वाटलें. त्यावरून निरोगी माणसांत जें द्रव्य जीं लक्षणें उत्पन्न करतें, तेंच अल्प प्रमाणांत त्या लक्षणांचा रोग बरा करतें, असा सिद्धांत त्यानें १७९६ सालीं मांडला. १८१० सालीं त्याचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ निघाला. १८४३ सालीं तो पॅरिसमध्यें वारला, तेव्हां त्याची पद्धति युरोप व अमेरिका या दोन्ही खंडांत पसरली होती.

हानेमानला न्याय द्यावयाचा तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या काळीं डॉक्टराच्या उपचारानेंच रोगी मरण्याचा संभव होता, त्या काळीं कांहींच अपाय न करणारें औषध हें खरोखर वरदान होतें. त्याच्या हातीं रोगी बरे झाले, कारण निसर्गाला आपलें काम करण्यास त्यानें सवड दिली. परंतु त्याच्या औषधांचें गणित निराळें आहे. मूळ द्रव्याचा एक भाग शंभर भागांत मिसळावयाचा, त्यांतला एक भाग पुन्हां शंभरांत, असें तीस वेळां केलें म्हणजे मूळ द्रव्याचें प्रमाण एकावर साठ शून्यें इतक्यांत एक एवढें उरतें. ठराविक वजनाच्या पदार्थांत रेणू किती असतात याचा हिशेब रसायनशास्त्रानें पुढें लाविला. तो सहावर तेवीस शून्यें इतका भरतो. म्हणजे बाराव्या पायरीच्या सुमारासच मूळ द्रव्याचा शेवटचा रेणू संपतो आणि पुढें उरते ती केवळ साखर किंवा मद्यार्क.

हिंदुस्थानांत या पद्धतीचें आगमन मोठ्या थाटानें झालें. १८३९ सालीं लाहोर दरबारीं होनिगबर्गर नांवाच्या वैद्यानें महाराजा रणजितसिंहांवर हा उपचार केला. कलकत्त्यांत ईश्वरचंद्र विद्यासागरांसारखे थोर पुरुष गोरगरिबांस या गोळ्या वांटीत. डॉ. महेंद्रलाल सरकार हे कलकत्ता विद्यापीठाचे एम. डी.; प्रथम होमिओपॅथीचे कडवे विरोधक. १८६७ सालीं डॉक्टरांच्या भरसभेंत त्यांनीं आपलें मतपरिवर्तन जाहीर केलें आणि व्यवसायबंधूंचा बहिष्कार सोसला. पण याच सरकारांनीं १८७६ सालीं विज्ञानसंवर्धनासाठीं जी संस्था स्थापन केली, तिच्याच प्रयोगशाळेंत पुढें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२८ सालीं आपला जगप्रसिद्ध शोध लाविला. तेव्हां होमिओपॅथीकडे वळणारा मनुष्य अडाणीच असतो, ही समजूत इतिहासास धरून नाहीं. तिच्या ओढीचीं कारणें मानवी आहेत. तो वैद्य तासभर बसून मुलाची कहाणी ऐकतो, सुई टोंचीत नाहीं, आणि गोळी गोड असते. रात्रंदिवस सुईचा धाक घेतलेल्या मुलाला व त्याच्या आईला याचें मोल किती वाटत असेल, हें सांगावयास नको.

आतां पुन्हां स्पालाकडे वळूं. तें रक्त थांबलें कसें? सांचलेल्या रक्ताचा दाब भोंवतालच्या मांसावर वाढत गेला, म्हणजे कित्येक वेळां स्राव आपोआप मंदावतो. मुलाला वारंवार न हालवणें हेंहि हिताचेंच असतें; आणि नवीनच प्रचारांत आलेलें ॲस्पिरिन, जें रक्त गोठण्यास अडथळा करतें, तें डॉक्टरांनीं दिलें असल्यास बंद झालें असेल, असाहि कांहीं अभ्यासकांचा तर्क आहे. आईचें मन शांत झाल्यानें मूल निवांत पडून राहिलें असेल, असेंहि कोणी म्हणतात. मुख्य गोष्ट ही, कीं या रोगांत रक्तस्राव येतात आणि जातात. मनुष्य उपचाराकडे धांवतो तो दुखणें शिगेला पोंचलें असतां. आणि शिगेनंतर उतार हा बहुधा यावयाचाच. मग त्या वेळीं हातीं तार असो, ताईत असो कीं गोळी असो, श्रेय तिच्याकडे जातें. अशीच कितीएक घरांतील श्रद्धा जन्मास आली आहे.

खरा उपाय मात्र राजवाड्याबाहेर कधींच डोकावून गेला होता. १८४० सालीं लंडनमध्यें सॅम्युएल लेन या शस्त्रवैद्यानें, तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेनंतर दिवसेंदिवस रक्त जाऊन मरणोन्मुख झालेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या अंगांत दुसऱ्या माणसाचें ताजें रक्त सोडलें. मूल वांचलें. परंतु रक्तगटांचें ज्ञान तेव्हां नव्हतें, आणि तो धडा विसरला गेला. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र लिओपोल्ड हा याच रोगाचा बळी. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पाय घसरून पडल्याचें निमित्त होऊन तो तिसाव्या वर्षीं वारला. राणीची नात अलेक्झांड्रा हा रोग रशियांत घेऊन गेली. अलेक्सीचा शेवट मात्र रोगानें झाला नाहीं. १९१८ सालीं क्रांतिकारकांच्या गोळ्यांनीं झाला. २००७ सालीं त्याचे अस्थिशेष सांपडले, आणि २००९ सालीं त्यांच्या परीक्षेवरून सिद्ध झालें कीं त्याचा विकार हिमोफिलियाचा दुसरा, विरळा प्रकार होता. त्यांत रक्त गोठविणारा नववा घटक नसतो.

हे घटक ओळखण्याचें काम विसाव्या शतकांत झालें. निरोगी रक्तद्रवांतील एका द्रव्यानें हा दोष भरून निघतो, हें १९३७ सालीं अमेरिकेंत दाखविण्यांत आलें. १९५२ सालीं रोगाचे दोन प्रकार वेगळे ठरले. १९६०च्या दशकाच्या मध्यास ज्युडिथ पूल या विदुषीनें पाहिलें कीं गोठविलेला रक्तद्रव सावकाश वितळूं दिला तर तळाशीं जो साका उरतो, त्यांत आठवा घटक भरपूर असतो. मग त्या घटकाची भुकटी बाटलींत मिळूं लागली, आणि घरच्या घरीं इंजेक्शन घेऊन मुलें शाळेंत जाऊं लागलीं.

परंतु येथेंच वैद्यकाच्या इतिहासांतील एक काळें पान आहे, आणि तें झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. ती भुकटी हजारों लोकांचें रक्त एकत्र करून बनवीत. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत तिच्यांतून एड्सचा व यकृतदाहाचा विषाणू जगभरच्या हजारों रुग्णांच्या अंगांत गेला, आणि जें औषध जीव वांचवी त्यानेंच कितीएक तरुण मारले. ज्या कुटुंबांनीं तें पाहिलें, त्यांचा डॉक्टरांवरील विश्वास उडाला तर त्यांना दोष कोण देईल? फरक आहे तो पुढच्या वागणुकींत. चूक उघडकीस आली, तिच्या चौकश्या झाल्या, भुकटी तापवून निर्जंतुक करूं लागले, दात्यांचें रक्त तपासूं लागले. आणि १९९२ पासून मनुष्याच्या रक्ताचा आधार न घेतां बनविलेला आठवा घटक बाजारांत आला. २०१७ सालीं कातडीखालीं टोंचण्याचें एक नवें औषधहि अमेरिकेंत मान्य झालें. तें आठवड्यांतून किंवा त्याहूनहि कमी वेळां घेतां येतें. जी विद्या स्वतःच्या चुका मोजते, तिच्याच हातून त्या सुधारतात.

होमिओपॅथीलाहि हीच कसोटी लाविली पाहिजे. २०१२ सालीं महाराष्ट्रांतील कांहीं होमिओपॅथिक वैद्यांनीं हिमोफिलियाच्या रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत आपल्या औषधांनीं रक्तघटकाची गरज बरीच घटली, असा त्यांचा दावा होता. रुग्ण थोडे होते, आणि एवढ्याशा आधारावर मोठा निष्कर्ष उभा राहत नाहीं. पण त्याहून लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही, कीं त्या अभ्यासांतहि रक्तघटक बंद केलेला नव्हता. तो किती लागला, हेंच मोजलें होतें. २०१५ सालीं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेनें उपलब्ध अभ्यासांची छाननी केली, तेव्हां होमिओपॅथी ज्यावर परिणामकारक आहे असें विश्वासानें म्हणतां येईल, असा एकहि रोग तिला आढळला नाहीं.

तेव्हां गोड गोळीपासून मुलाला धोका आहे तो गोळींतल्या द्रव्याचा नव्हे. ती घेत असतां जी वेळ जाते, तिचा आहे. गुडघ्यांत रक्त उतरूं लागलें असतां पहिल्या कांहीं तासांत घटक मिळाला तर सांधा वांचतो. दोन दिवस वाट पाहिली तर आणि असें वारंवार झालें तर तो सांधा जन्माचा अधू होतो. डोक्याला मार लागला असतां तर घटकाभराचा उशीरहि जिवावर बेततो. ज्या आईबापांस मनाच्या समाधानासाठीं दुसऱ्या वैद्याकडे जावेंसें वाटतें, त्यांनीं तें रक्तरोगतज्ज्ञापासून लपवूं नये, घटकाचा एकहि डोस त्यापायीं चुकवूं नये, आणि डॉक्टरास विचारल्यावांचून वेदनाशामक गोळी देऊं नये. जो वैद्य इंजेक्शनें बंद करा म्हणतो, त्याच्या घराची पायरी पुन्हां चढूं नये.

आज भारतांत १९८३ पासून रुग्णांनींच चालविलेला हिमोफिलिया महासंघ आहे. २०१६ च्या कायद्यानें हा विकार, तसेच थॅलेसेमिया व सिकल सेल हे विकारहि, दिव्यांगत्वाच्या यादींत आले. अनेक सरकारी रुग्णालयांत घटक विनामूल्य मिळतो. स्पालाच्या त्या खोलीबाहेर साम्राज्याचे उत्तमोत्तम डॉक्टर हात बांधून उभे होते, आणि राणीपाशीं तारेखेरीज दुसरें साधन नव्हतें. आजच्या सामान्य गृहिणीच्या शीतपेटींत दुधाच्या भांड्याशेजारीं जी लहानशी बाटली असते, ती त्या राणीनें सारें राज्य देऊन घेतली असती.