गुन्ह्याची माहिती देण्याचे कायदेशीर बंधन (भारत)

गुन्हा, अपघात किंवा संशयास्पद मृत्यू यांची खबर पोलिसांना देणे हे भारतात सर्वसाधारणपणे नैतिक कर्तव्य समजले जाते. मात्र ठरावीक प्रसंगी ते कायद्यानेच बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३३ मध्ये (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३९) खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण इत्यादी गुन्ह्यांची यादी दिलेली आहे. ते ज्याला ठाऊक असतील त्याने तत्काळ कळवले पाहिजेत; न कळवण्यास वाजवी कारण होते हे त्यालाच सिद्ध करावे लागते. बलात्काराचा या यादीत समावेश नाही, ही तिची ठळक उणीव होय.

गावात राहणाऱ्यांवरील जबाबदारी अधिक व्यापक आहे. कलम ३४ नुसार आकस्मिक, अनैसर्गिक वा संशयास्पद मृत्यूची खबर ग्राम अधिकाऱ्याप्रमाणेच प्रत्येक ग्रामस्थानेही द्यावयाची असते. महाराष्ट्रात व्यवहारतः हे काम बहुधा पोलीस पाटलाकडे येते. रस्ते अपघातात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १३४ चालकाला २४ तासांच्या आत पोलिसांना कळवण्यास बांधून घेते.

बालकांवरील लैंगिक अपराध

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी अंमलात आलेल्या पोक्सो कायद्याने हे बंधन सर्वाधिक कठोर केले. कलम १९ प्रमाणे अपराध घडल्याचे माहीत असलेल्या, एवढेच नव्हे तर तो घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणे आवश्यक आहे. कसूर करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालील व्यक्तीचा अपराध दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास व दंड. बालकाला ही शिक्षा लागू नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास संरक्षण आहे, आणि पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवावयाचे असते.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचार प्रकरणात, माहिती असूनही ती न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. असे मौन हा गंभीर गुन्हा असून अनेकदा त्यामागे अपराध्यांना वाचवण्याचा प्रयत्न असतो, असे न्यायालयाचे मत होते.

गोपनीयतेशी संघर्ष

संमतीचे वय १८ असल्याने सतरा वर्षांच्या मुलीचे स्वेच्छेचे संबंधही पोक्सोखाली येतात. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीची माहिती डॉक्टरने पोलिसांना देणे क्रमप्राप्त ठरते आणि पोलिसांच्या धास्तीने ती अप्रशिक्षित व्यक्तीकडे वळण्याचा धोका राहतो. यावर सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात मधला मार्ग काढला: मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने कलम १९ खालील माहितीत तिचे नाव व ओळख देण्याची गरज नाही. माहिती देण्याचे बंधन मात्र कायम आहे.