आकडा बरोबर, माप चुकले

लांबच्या वाटेला वैरण किती घ्यावी, हे गाडीवानाला सांगावे लागत नाही. विमानाचेही तसेच आहे. इंधन जादा भरावे तर ओझे वाढते, आणि ते ओझे वाहण्यातच इंधन जळते. कमी भरावे तर वादळाला वळसा घालण्यापुरतेही उरत नाही. म्हणून हिशेब नेमका लागतो.

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडात हा हिशेब चुकला. आपल्याकडे १९५८ पासून मण-शेर जाऊन किलो येऊ लागले, तसे तिकडे तेव्हा पौंड जाऊन किलो येत होते. एअर कॅनडाच्या नव्या बोइंग ७६७ विमानातील इंधनमापक बंद होते, म्हणून टाकीतले इंधन पट्टीने मोजले. लिटरचे वजन काढताना मात्र १.७७ने गुणले. हा आकडा पौंडांचा! किलोसाठी सुमारे ०.८ हवा होता. लागणार होते २२,३०० किलो. टाकीत होते जवळजवळ तितके पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

४१ हजार फुटांवर धोक्याचा इशारा झाला आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने थांबली. कप्तान पिअर्सन यांना बिनइंजिनाचे ग्लायडर चालवण्याचा सराव होता. घारीसारखे तरंगत त्यांनी विमान गिमली गावच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले. आतली ६९ माणसे वाचली.

गुरुजी, उत्तरापुढे एकक लिहिले नाही तर आपण गुण कापता ना? जरूर कापा, पण कापताना मुलांना ही हकीकतही सांगा.